आपूंचं छप्पन्न

आपू गेल्यावर दुसऱ्याच दिवशी फ्युनरल होमच्या माणसाने सांगितलं, पेपरात द्यायला निधनाची बातमी लिहून द्या, थोडक्यात. नवऱ्याने रात्री बसून ती लिहिली. पहिलीच ओळ होती, ‘१९५६ च्या हंगेरियन क्रांतीतले स्वातंत्र्यसैनिक’. नणंदेने फोनवर ऐकली आणि ती रडायला लागली. मुलं म्हणाली, मस्त. मी म्हटलं, ही ओळ आपूंना दाखवली असती तर कानामागची पेन्सिल काढून त्यांनी ती खोडली असती.

त्यावरून आमच्याकडे धुसफूस झाली. दुःखाच्या घरात होते तशी, हळू आवाजात आणि स्वयंपाकघराचं दार लोटून.

आपू म्हणजे माझे सासरे. हंगेरियन घरात वडिलांना आपू म्हणतात. मराठी जिभेला ते अजिबात जड जात नाही, म्हणून लग्नानंतर मीही तेच धरलं. माझ्या मुलांचे ते नॉद्यपापा. फेब्रुवारी २०२३ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी ते न्यू जर्सीत वारले. छप्पन्न साली ज्या छावणीत त्यांना आणून उतरवलं होतं, तिथून फार तर वीस मिनिटांच्या अंतरावर. म्हणजे साऱ्या आयुष्यात त्यांनी एकच मोठा प्रवास केला आणि जिथे पोचले तिथेच बसले.

त्यांच्या छप्पन्नबद्दल मला जे ठाऊक आहे ते तुकड्यातुकड्यांनी कळलेलं. सलग त्यांनी कधीच सांगितलं नाही. ते मूळचे चेपेलचे. चेपेल हे बुडापेस्टच्या दक्षिणेला डॅन्यूब नदीतलं बेट, आणि त्यावर लोखंड-पोलादाचा अवाढव्य कारखाना. ‘लाल चेपेल’ म्हणायचे, कारण कम्युनिस्टांचा तो बालेकिल्ला. आपू तिथे लेथवर उमेदवारी करत होते. २३ ऑक्टोबर १९५६ ला बुडापेस्टमध्ये विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला आणि रात्रीपर्यंत त्याचा कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध उठाव झाला. स्टालिनचा पुतळा लोकांनी पाडला, चबुतऱ्यावर उरले ते नुसते बूट. पुढचे दहा-बारा दिवस सगळ्यांना वाटत होतं की जमलं. ४ नोव्हेंबरच्या पहाटे सोव्हिएत रणगाडे परत शहरात शिरले आणि मग जे व्हायचं ते झालं. अडीच हजारांच्या आसपास हंगेरियन माणसं मेली. सगळ्यात शेवटी पडलं ते चेपेल, ११ नोव्हेंबरला. ज्या कामगारांच्या नावाने ते राज्य चाललं होतं, तेच कामगार शेवटपर्यंत त्या राज्याशी लढले, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

आणि या सगळ्यात तुम्ही काय केलंत, असं आपूंना विचारलं की उत्तर ठरलेलं. “पाव वाहिले.”

खरंच, पाव. बेकरीतून पोती भरून कारखान्यात नेऊन द्यायचे. माझ्या मुलाने लहानपणी आशेने विचारलं होतं, “बंदूक नव्हती?” तर म्हणाले, बंदूक शेजारच्या मुलाकडे होती, त्याला माझ्यापेक्षा नीट दिसायचं. तो शेजारचा मुलगा मागे राहिला, पकडला गेला आणि १९६३ च्या माफीत सुटला. आपू त्याचं नाव घ्यायचे तेव्हा कधीही बसलेले नसायचे. उठून काहीतरी करायला लागायचे, नळ तपासायचे, खिडकीची कडी सारखी करायचे.

नोव्हेंबरच्या शेवटी ते निघाले. त्या हिवाळ्यात साधारण दोन लाख माणसांनी हंगेरी सोडली, बहुतेकांनी ऑस्ट्रियाची सरहद्द ओलांडून. सरहद्दीच्या कालव्यावर आंडाऊ गावाजवळ एक अरुंद लाकडी पूल होता. हजारो लोक त्यावरून पलीकडे गेले. २१ नोव्हेंबरला सोव्हिएत सैनिकांनी तो उडवला. आपू पोचले ते त्यानंतर. त्यामुळे ते पाण्यातून गेले. कमरेइतकं पाणी, वर बर्फाचा पापुद्रा. एवढंच सांगायचे. “पँट थिजून पत्र्याची झाली,” हे एकदा हसून सांगितलं होतं, पालिन्काचा दुसरा पेला झाल्यावर. ऑस्ट्रियातल्या छावणीत कुणीतरी विचारलं, अमेरिका की कॅनडा? जी रांग छोटी दिसली तिच्यात उभा राहिलो, म्हणाले.

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींसाठी इथे थोडं थांबते. आपल्यापैकी कित्येकजण एडिसन-पिस्कॅटवेला राहतात, ओक ट्री रोडवर पोहे-साबुदाणा आणायला जातात, मुलांना रटगर्सला पाठवतात. रटगर्सचा लिव्हिंग्स्टन कॅम्पस आहे ना, ती जागा म्हणजे जुना कॅम्प किल्मर. दुसऱ्या महायुद्धात युरोपला जाणारे सैनिक तिथून जहाजावर चढायला जायचे. नोव्हेंबर १९५६ ते मे १९५७ या काळात तीस हजारांवर हंगेरियन निर्वासित या छावणीतून अमेरिकेत शिरले. लाकडी बराकी, गळ्यात नावाची चिठ्ठी, डॉक्टर, दुभाषे, कोट वाटणाऱ्या बायका. माझी लेक लिव्हिंग्स्टन कॅम्पसवर शिकली. तिला सोडायला जाताना आपू गाडीतून बाहेर बघत म्हणायचे, “या बाजूला जेवणघर होतं. मटार. रोज मटार.” मटार त्यांनी पुढे आयुष्यभर खाल्ले नाहीत. मी मटार-उसळ केली की त्यांच्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी.

न्यू ब्रन्सविकमध्ये आधीपासून हंगेरियन वस्ती होती, सॉमरसेट स्ट्रीटच्या आसपास. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेले शेतकरी-मजूर. त्यातले इतके जण जॉन्सन अँड जॉन्सनमध्ये कामाला होते की कंपनीला गमतीने ‘हंगेरियन युनिव्हर्सिटी’ म्हणायचे. माझ्या सासूबाई त्या जुन्या वस्तीतल्या, जन्मानेच अमेरिकन. त्यांच्या माहेरच्यांना छप्पन्नची पोरं शिष्ट वाटायची, आणि छप्पन्नवाल्यांना या जुन्या लोकांचं हंगेरियन पन्नास वर्षांपूर्वीच्या खेड्यातलं. आधी आलेल्यांना नंतर आलेले कधी आवडलेत? आमच्या महाराष्ट्र मंडळांत सत्तरच्या दशकात आलेले डॉक्टर-इंजिनियर आणि नव्वदीतले आम्ही कॉम्प्युटरवाले यांच्यात जे चालायचं, तेच ते. सासूबाई माझ्या लग्नानंतर लवकरच गेल्या. त्यांच्याविषयी कधीतरी निराळं लिहीन.

आपूंना पहिल्याच महिन्यात टूलरूममध्ये काम मिळालं, कारण लेथला भाषा लागत नाही. पुढे ते टूल अँड डाय मेकर झाले आणि निवृत्त होईपर्यंत तेच राहिले. तळघरात त्यांचं स्वतःचं छोटं वर्कशॉप होतं. मायक्रोमीटर मखमलीच्या डबीत. कुणालाही हात लावू देत नसत, नातवंडांना मात्र धरायला द्यायचे आणि त्यांचाच एकेक केस त्यात मोजून दाखवायचे. माझ्या मुलाचा केस लेकीच्या केसापेक्षा जाड निघाला तेव्हा घरात रडारड झाली होती.

आमची पहिली भेट मला लख्ख आठवते, कारण मी नापास व्हायच्या बेतात होते. नवरा (तेव्हा नवरा नव्हता) मला घरी घेऊन गेला. आपूंनी विचारलं, इंडिया? म्हटलं, हो. मग मोठ्या आदराने विचारलं, “चोमा शान्दोरची कबर पाहिलीस?” कुठल्याही हंगेरियन शाळकरी पोराला हे नाव पाठ असतं. क्योरोशी चोमा शान्दोर एकोणिसाव्या शतकात हंगेरियन लोकांचं मूळ शोधायला आशियात निघाला, बराचसा पायीच. लडाखकडच्या मठांत बसून तिबेटी शिकला, १८३४ मध्ये तिबेटी-इंग्रजी शब्दकोश छापला आणि १८४२ मध्ये दार्जिलिंगला तापाने गेला. मी साताऱ्याची. दार्जिलिंग मी चहाच्या पाकिटावर पाहिलेलं. तसं सांगितल्यावर आपू जरा खट्टू झाले, मग म्हणाले, जाऊ दे, मीही बघितलेली नाही. आणि सूप वाढलं.

लग्न साताऱ्यात झालं. आपूंनी माझ्या आईला पाहिल्या पाहिल्या वाकून तिचा हात हातात घेतला आणि त्यावर ओठ टेकवले. त्यांच्या पिढीत बाईमाणसाला अभिवादन करायची ती रीत होती, तोंडाने “हात चुंबतो” म्हणायचं आणि खानदानी माणूस असेल तर खरंच चुंबायचा. आई इतकी दचकली की तिच्या दुसऱ्या हातातलं कंदी पेढ्यांचं ताट कलंडलं. मावशा आणि आत्या पुढची दोन वर्षं त्यावर जगल्या.

पण खरी मजा झाली ती आपू आणि बाबांची. माझे बाबा हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. दोघं जवळजवळ एका वयाचे. बाबांचं इंग्रजी पुस्तकी, आपूंचं कारखान्यातलं, आणि दोघांनाही समोरच्याचं कळायला वेळ लागायचा, त्यामुळे भांडण संथपणे चालायचं. लग्नानंतर दोन दिवसांनी अजिंक्यताऱ्यावर चढताना आपूंनी विषय काढला. ९ नोव्हेंबर १९५६ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला होता की सोव्हिएत सैन्य हंगेरीतून मागे घ्या आणि तिथे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका होऊ द्या. भारताने विरोधात मत दिलं. कृष्ण मेनन तेव्हा तिथे भारताची बाजू मांडत होते. कम्युनिस्ट देश सोडून ठरावाच्या विरोधात जाणारे आपणच. आपूंनी हे चाळीसहून अधिक वर्षं मनात ठेवलं होतं आणि आता एक हक्काचा भारतीय सापडला होता, तोही व्याही. “आणि पुढच्याच वर्षी तुम्ही त्या मेननला मुंबईतून निवडून दिलंत!” असं म्हणत त्यांनी काठी आपटली.

बाबा म्हणाले, “मुंबईने दिलं. आम्ही साताऱ्याचे.” मग त्यांना एकदम सुचलं आणि ते म्हणाले, “आणि नेहरूंचं म्हणाल तर मी स्वतः त्यांना काळे झेंडे दाखवायला गेलो होतो.” हे खरं होतं. ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने प्रचंड निदर्शनं केली होती. बाबा कॉलेजातले, गेले होते. त्या काळ्या झेंड्यांचा हंगेरीशी सुतराम संबंध नव्हता, पण बाबांनी तो तपशील गिळला. आपूंनी थांबून बाबांशी हस्तांदोलन केलं. खाली उतरताना मी बाबांना मराठीत विचारलं, “आणि सत्तावन्नला साताऱ्याने कुणाला निवडून दिलं ते सांगितलंत का?” बाबा म्हणाले, “गप बस.” साताऱ्याने क्रांतिसिंह नाना पाटलांना निवडून दिलं होतं, आणि नाना तेव्हा कम्युनिस्ट पक्षात होते.

आपू अन्याय करणारे नव्हते. त्याच मुक्कामात त्यांनी बाबांना बुडापेस्टच्या भारतीय वकिलातीतल्या रहमान नावाच्या अधिकाऱ्याची गोष्ट सांगितली. उठाव चिरडल्यावरही या माणसाने बंडखोरांशी संपर्क ठेवला. त्या बंडखोरांतल्याच अर्पाद गोन्त्सला जन्मठेप झाली. फाशी टळली ती भारताच्या रदबदलीमुळे, असं मानतात. हाच गोन्त्स १९९० मध्ये हंगेरीचा राष्ट्राध्यक्ष झाला. बाबांना हे माहीत नव्हतं. आम्ही परत गेल्यावर बाबा नगरवाचनालयात जाऊन बसले आणि मग मला चार पानी पत्र आलं, त्यात माझी ख्यालीखुशाली एका ओळीत आणि बाकी सगळा हंगेरी.

स्वयंपाकघरात मात्र आपू आणि मी पहिल्या दिवसापासून एका पक्षाचे. त्यांचं गुयाश अंगणातच व्हायचं, तिपाईला टांगलेल्या कढईत, लाकडाच्या जाळावर. गुयाश म्हणजे रस्सेदार सूप. घट्ट असेल तर ते पोर्कोल्ट, आणि अमेरिकन लोक या दोन्हींची खिचडी करून मॅकरोनीबरोबर खातात हे त्यांचं एक कायमचं दुःख. चरबीत ढीगभर कांदा मऊ, सोनेरी होईस्तोवर परतायचा. मग कढई जाळावरून बाजूला घ्यायची आणि खाली ठेवून मगच लाल पाप्रिका घालायची, ढवळायची, लगेच मांस आणि पाण्याचा हबका. जाळावर घातली तर पाप्रिका करपते आणि कडू होते. हे ते मला समजावत होते तेव्हा मी म्हटलं, माझी आजी गॅस बंद करून मगच फोडणीत तिखट घालायची, अगदी हेच कारण. आपूंनी चमचा माझ्या हातात दिला आणि खुर्चीत बसले. त्या दिवसापासून पाप्रिका मी घालायची.

मिरची त्यांच्याकडे तुर्कांबरोबर गेली, आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, आणि मुळात ती इथली, अमेरिकेची. दोन्हीकडची माणसं मात्र ती आपल्या बापजाद्यांची असल्याच्या थाटात वागतात. कालोचाची चांगली की सेगेडची यावर आपूंच्या क्लबात जेवढी भांडणं व्हायची, तेवढी लवंगी आणि संकेश्वरीवर आमच्याकडे झालेली मी ऐकलेली नाहीत.

उन्हाळ्यात मागच्या पायरीवर काचेची मोठी बरणी असायची. त्यात लहान काकड्या, टोकं कापून उभ्या चिरलेल्या पण बुडाशी जोडलेल्या. शेपूचे दांडे तुऱ्यांसकट, लसूण, मिठाचं कोमट पाणी, आणि सगळ्यात वर पावाची एक जाड कापटी, आंबायला. वर बशी. दिवसभर ऊन जिकडे सरकेल तिकडे आपू बरणी सरकवायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी गढूळ व्हायचं, बुडबुडे यायचे, आणि अंगणभर शेपू-लसणाचा आंबूस वास. तो पाव काढून टाकताना ते नेहमी एक क्षण थबकायचे. पाव फेकायचा त्यांना धीर होत नसे. शेवटी पक्ष्यांना घालायचे. सासूबाई गेल्यानंतर मला वाटलं होतं बरणी बंद होईल. उलट दोन झाल्या. एक आमच्याकडे पोचवायला.

नवीन वर्षाच्या दिवशी हंगेरियन घरात मसूर खातात, वर्षभर पैसा खेळता राहावा म्हणून. कोंबडी मात्र खायची नाही, ती नशीब उकरून मागे टाकते. आमच्या घरी १ जानेवारीला गोडा मसाला घातलेली मसुराची आमटी व्हायला लागली. आपू दोन वाट्या ओरपायचे आणि म्हणायचे, तुझ्या आमटीने यंदा शेअर वर जातील. त्यांच्याकडे एकही शेअर नव्हता. ख्रिसमसला ते खसखशीची बेइग्ली करायचे. त्यांची खसखस निळी-काळी. मी दिवाळीत अनारशांना पांढरी लावायचे, तर ती पिकायच्या आत काढली असावी असं त्यांचं मत.

हे सगळं लिहिताना आपू फार गोड म्हातारे होते असं चित्र उभं राहतंय. तसे नव्हते. हट्टी होते, मुलांशी कडक होते. माझ्या नवऱ्याला लहानपणी शनिवारी सकाळी हंगेरियन शाळेत आणि दुपारी वर्कशॉपमध्ये असा दुहेरी तुरुंगवास असायचा. बेसबॉल खेळायला न मिळाल्याचं त्याचं दुःख पन्नाशी उलटली तरी ओलं आहे. मुलगा कॉलेजात इतिहास शिकतो म्हणाला तेव्हा आपूंनी तीन महिने अबोला धरला. इतिहासाने काय मिळतं ते त्यांना माहीत होतं, असं नवरा आता म्हणतो. तेव्हा असं म्हणण्याइतका तो मोठा नव्हता.

मी सुरुवातीला एक गृहीत धरलं होतं. या घरात देश सोडलेली माणसं दोनच, आपू आणि मी, तेव्हा आमचं काहीतरी खास नातं असणार. एकदा बर्फाच्या वादळात वीज गेली होती, आम्ही दोघंच स्वयंपाकघरात बसलो होतो, तेव्हा मी ते बोलून दाखवलं. आपूंनी मान हलवली. म्हणाले, “तू आलीस. मी पळालो. तुला स्टेशनवर सोडायला कोण आलं होतं?” म्हटलं, विमानतळावर, अख्खं खानदान, मुंबईपर्यंत सुमो करून. “बघ,” म्हणाले. “मी आईला सांगितलं, पाव आणायला जातो.”

पुन्हा पाव. त्यानंतर त्यांनी पुष्कळ वेळ काही म्हटलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही. त्यांची आई १९६२ मध्ये गेली. माफी झाली पुढच्या वर्षी. त्यानंतर छप्पन्नला गेलेल्यांना भेटीला परत जाता यायला लागलं. आपू पहिल्यांदा गेले ते आणखी बऱ्याच वर्षांनी, अमेरिकन पासपोर्टवर, बायको-मुलांना घेऊन. नवऱ्याला त्या सहलीतली बालातोन सरोवरातली पोहणी आठवतात आणि कबरस्तानात वडील गवत उपटत बसले होते ते आठवतं. बालातोनफ्युरेदला सरोवराकाठी टागोरांच्या नावाचा रस्ता आहे, १९२६ मध्ये ते तिथे उपचारांसाठी राहिले होते, त्यांनी लावलेलं झाड आहे. तिथला एक फोटो आपूंनी मला लग्नात भेट दिला होता, फ्रेम करून. मला वाटतं हंगेरीची सांगण्याजोगी म्हणून त्यांच्याकडे तेवढीच एक निर्धोक गोष्ट होती.

मे २०२१ मध्ये बाबा गेले, करोनाने. विमानं, चाचण्या, परवानग्या यांतून वाट काढून पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असणार, हे फोन ठेवतानाच कळत होतं. भावाच्या मित्राने संगम माहुलीहून व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. आपू रात्री स्वतः गाडी चालवत नसत, त्या रात्री आले. माझ्या शेजारी स्टुलावर बसले, टोपी मांडीवर. पडद्यावर पीपीई घातलेली चार माणसं, त्यातला माझा भाऊ कुठला हे कळत नव्हतं. अर्ध्यात कॉल तुटला. तेव्हा आपूंनी सांगितलं की त्यांना आईचं पत्राने कळलं. मोठ्या बहिणीचं पत्र. वरती नेहमीचं सगळं, कोळशाचे भाव, कुणाचं लग्न, आणि तिसऱ्या परिच्छेदात हे. कारण पत्रं फोडली जायची आणि बहिणीला वाटलं, सुरुवातीलाच लिहिलं तर वाचणारा तिथेच थांबेल, पुढचं मला मिळणार नाही. हे तर्कट मला अजून नीटसं उलगडलेलं नाही, पण त्यांनी ते इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी मान डोलावली. “दुसऱ्या दिवशी कामावर गेलो,” म्हणाले. “कुणाला सांगितलं नाही. तू जाऊ नकोस.”

मी गेले नाही. दहाव्याला भावाने तिकडे पिंड ठेवला, आणि मी, काय वाटलं कोण जाणे, इकडे डेकवर केळीच्या पानाऐवजी कागदाच्या ताटलीत भाताचा मूद ठेवला. आपू कॉफी घेऊन खिडकीपाशी बसले. कावळ्याचं सगळं त्यांनी विचारून घेतलं, किती वेळ थांबायचं, त्याने शिवलं नाही तर काय, मेलेल्या माणसाची इच्छा काय राहिली हे कसं ओळखायचं. समोरच्या ओकवर कावळे होते, ओरडतही होते, खाली काही येईनात. आपू म्हणाले, “त्याला सांग, मेननचं मी माफ केलं.” मी सांगितलं. तेवढ्यात एक खार आली, ताटलीत बसून दोन्ही हातांनी भात खाऊन गेली. आपूंनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “अमेरिकेत चालत असेल.”

तर त्या निधनाच्या बातमीचं पुढे असं झालं की नवऱ्याने पहिली ओळ बदलली. ‘निवृत्त टूल अँड डाय मेकर’ आधी आलं, मग ‘१९५६ मध्ये हंगेरीतून आले’. ‘आले’वर मला बोलायचं होतं, बोलले नाही. बाप त्याचा होता.

अंत्यविधीला सॉमरसेट स्ट्रीटवरच्या क्लबातली उरलीसुरली छप्पन्नवाली मंडळी आली, काठ्या आणि वॉकर घेऊन. त्यांनी झेंडा आणला होता, लाल-पांढरा-हिरवा, मधोमध गोल भोक असलेला. छप्पन्नमध्ये लोकांनी झेंड्यातलं कम्युनिस्ट चिन्ह कात्रीने कापून काढलं, तेव्हापासून ते भोक हीच त्या उठावाची खूण. आपूंनी असला झेंडा घरात कधी ठेवला नाही. पण त्या म्हाताऱ्यांनी तो शवपेटीवर इतका नीट ताणून घातला की मी पुढे झाले नाही. त्यांच्यातले किती जण लढले असतील आणि किती जणांनी पाव वाहिले असतील? त्यांनाही कुणाच्या तरी पेटीवर तो घालायला हवा होता. मग त्यांनी राष्ट्रगीत म्हटलं. हंगेरियन राष्ट्रगीत म्हणजे विजयाची ललकारी नव्हे, देवाकडे केलेली विनवणी आहे: या लोकांनी मागची आणि पुढचीही पापं फेडली आहेत, आता तरी दया कर. माझ्या मुलाला ते सगळं पाठ होतं. कधी शिकला, मला पत्ता नाही.

१ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, हंगेरियन लोक कबरींवर शेवंती आणि मेणबत्त्या घेऊन जातात. मेलेल्यांना फुलं सम संख्येत, जिवंतांना विषम. हे नणंद सांभाळते, कुणाची चूक झाली तर एक फूल काढून खिशात घालते. आता दोन कबरी झाल्या. त्या सुमारास आमची दिवाळीही आसपास असते, त्यामुळे पणत्यांची खरेदी एकदमच होते.

सध्या लेकीच्या डोक्यात हंगेरीचं नागरिकत्व घेऊन युरोपात शिकायचं आहे. आजोबा हंगेरियन नागरिक होते, ते सिद्ध करायचं, म्हणजे वडिलांचं आणि मग तिचं मार्गी लागेल. आपूंना हे शेवटच्या वर्षात तिने सांगितलं होतं. ते इतके हसले की ठसका लागला. “मी पाण्यातून बाहेर पडलो, आणि तू फी भरून आत जाणार!” पण दुसऱ्या दिवशी तळघरातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून तिच्यापुढे ठेवला. त्यात त्यांचा चेपेलचा जन्मदाखला, कॅम्प किल्मरची गळ्यातली चिठ्ठी, आणि बहिणीची पत्रं होती. पत्रांना हात लावायचा नाही या अटीवर डबा तिचा.

आता अडचण वेगळीच आहे. हंगेरियन कागदावर आडनाव आधी, आणि त्यावर दोन तिरप्या रेघा. छावणीतल्या कारकुनाने नाव आधी केलं आणि रेघा उडवल्या. पुढचे सगळे अमेरिकन कागद त्या कारकुनाच्या हस्ताक्षरातून जन्मलेले. वकिलातीचं म्हणणं, ही दोन माणसं एकच कशावरून? नवरा संध्याकाळी जेवण झालं की टेबलावर सगळे दाखले मांडून बसतो, भिंगातून रेघा शोधतो. लेक त्याला म्हणते, बाबा, सोमवारी अपॉइंटमेंट आहे, फोटोकॉपीच्या तीन प्रती लागतील, आणि तू अजून भाषांतराचे पैसे भरलेले नाहीस.